पेंटरचा ठिणग्या

पेंटरच्या शर्टाच्या खिशात नेहमी काहीतरी मेलेलं असायचं. कधी पालीची तुटलेली शेपटी, कधी नाकतोड्याचा पाय, कधी काडेपेटीत जपून ठेवलेली पालीची कात. त्याच खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी असायची, घराची किल्ली असायची आणि सकाळी टपरीवरून घेतलेली दोन बिस्किटं असायची. ती बिस्किटं तो चहात बुडवून खायचा आणि अगदी मनापासून मलाही एक पुढे करायचा. दहा वर्षं आम्ही एका खोलीत बसून काम केलं, पण त्याच्या हातचं मी कधी काही खाल्लं नाही. त्याला त्याचा राग नव्हता. आमच्या ताईचं पोट नाजूक आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे.

माझं पोट मुळीच नाजूक नव्हतं. पेंटरच्या शेजारी बसून कुणाचंही झालं असतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी बाहेरून आलेल्याला पाय धुतल्याशिवाय कुणी पाण्याचा पेलाही देत नसे. आमची आई तर भाजीवाल्याकडून आलेली चिल्लरसुद्धा धुऊन वाळत घालायची. अशा घरातून निघून मी रोज शहराबाहेरच्या वाडीला जायचे. तिथे अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर आमच्या कॉमिकची दोन खोल्यांची कचेरी होती. खाली दिवसभर ट्रक मागेपुढे होत, वर धूळ येई, आणि त्या धुळीत पेंटर पाय पसरून पन्नीत खर्रा घोटत बसलेला असे. त्याच्या टेबलाखाली एक डबा होता. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही. तो डबा तो आठवड्यातून एकदा रिकामा करायचा, आणि ते आठवड्यातून एकदासुद्धा माझ्या धाकाने.

कॉमिकचा नायक होता कॅप्टन प्रचंड. दिवसा हिंगण्याच्या कारखान्यात फिटर, कंपनीच्या बसने जाणारा-येणारा साधा माणूस, आणि संकट आलं की निळा झगा चढवून उडणारा महानायक. त्याच्या डब्याच्या पिशवीत वीतभर लांबीचा एक ड्रॅगन राहत असे. त्याचं नाव ठिणग्या. प्रचंडला काढायला आर्ट कॉलेजात शिकलेला चित्रकार होता. तो चित्रात ठिणग्याच्या जागी पेन्सिलीने एक मोकळा गोल करून ठेवी आणि त्या गोलात पेंटर ड्रॅगन बसवी. पेंटर बाकी काहीच काढत नसे. मग पानं माझ्याकडे येत. मी पांढऱ्या चिकट कागदावर सुबक अक्षरांत संवाद लिहायचे, त्यांचे फुगे कापायचे आणि ज्याच्या त्याच्या तोंडाजवळ चिकटवायचे.

पेंटर मूळचा ट्रकचा रंगारी. वाडीतल्या निम्म्या ट्रकांच्या पाठी त्याच्या हातच्या होत्या. कुणा ट्रकमालकाने त्याला मागच्या फळीवर सिंह काढायला सांगितला. पेंटरने सिंह कधी पाहिला नव्हता आणि न पाहिलेलं काढायचं नाही हा त्याचा नेम. त्याने रोज दिसणारी पाल मोठी करून काढली आणि मालक फारच चिडला म्हणून तिच्या तोंडातून जाळ काढून दिला. ट्रकमालकाने पुन्हा त्याच्याकडे पाऊल टाकलं नाही. पण आमचे मालक, म्हणजे कॉमिकचे, त्या ट्रकच्या मागे सिग्नलला उभे होते. त्यांनी गोदामावर येऊन पहिली गोष्ट हीच सांगितली की आपल्याला आपला ड्रॅगन सापडला. मला त्या वेळी आनंद झाला होता, हे आता सांगायलाही लाज वाटते.

कारण त्या दिवसापासून आमच्या ट्यूबलाइटवरच्या पालींना राजाश्रय मिळाला. त्यांना हाकलायची सोय उरली नाही. पेंटर खुर्ची भिंतीला लावून तास तास वर पाहत बसे. एकदा मी डबा उघडून पहिला घास घेतला होता, वांग्याच्या भाजीचा, आणि पेंटरने मला हाक मारली, "ताई, या लवकर. कात खाऊन राहिली." मी काय म्हणून उठून पाहिलं मला ठाऊक नाही. पाल आपल्याच पायाची कात, हातमोजा ओढावा तशी तोंडाने ओढून काढत होती आणि गिळत होती. वांग्याचा घास बाहेर आला. डबा मी खालच्या गाईला दिला. पेंटर परत टेबलाशी बसून ते सगळं कागदावर उतरवत होता, आणि म्हणत होता, "मनानं काढलेलं जनावर खोटं असते, ताई. पाहाव लागते."

त्याने पाहिलेलं सगळं ठिणग्याच्या वाट्याला आलं. ठिणग्या आग ओकला की नंतर त्याच्या नाकातून काळा शेंबूड लोंबायचा. तो मागच्या पायाने कान खाजवायचा आणि खाजवलेला पाय हुंगायचा. प्रचंड खलनायकाला उपदेश करत असला की ठिणग्या त्याच्या झग्यावरचे किडे टिपत बसायचा. दुपारी वरणाच्या डब्यात झोपायचा, आणि प्रचंड तेच वरण खायचा. पाण्याला मात्र तो शिवत नसे. उन्हाळ्याच्या अंकात घरोघर कूलर लागले की तो पिशवीच्या तळाशी दडून बसे. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलरला घाबरणारा नागपुरात तो एकटाच.

पोरं त्याच्यावर जीव टाकायची. कॅप्टन प्रचंडला वर्षाकाठी चार पत्रं यायची, ठिणग्याला पिशवीभर. बरं, नुसती पत्रं आली असती तर ठीक होतं. काटोलपासून कन्हानपर्यंतची पोरं त्याला भेट म्हणून पालीच्या शेपट्या पाठवू लागली. काडेपेटीत, अगरबत्तीच्या पुड्यात, एकाने तर थेट पाकिटात. टपाल उघडायचं काम माझ्याकडे. मी चिमट्याने पाकिटं फोडायचे, हात धुवायचे, पुन्हा फोडायचे. पेंटर प्रत्येक शेपटी निरखून पाहायचा आणि ती पाठवणाऱ्याला उत्तर म्हणून एका पोस्टकार्डावर एक ठिणग्या काढून पाठवायचा. पत्ता मात्र मला लिहायला लावायचा, कारण माझं अक्षर चांगलं.

आया मात्र तक्रार करायच्या. पोरगं जेवताना ताटात नाक खुपसतं, विचारलं तर ठिणग्या असंच करतो म्हणतं, असे फोन यायचे. मालक वैतागले आणि मला म्हणाले की ताई, जरा झाकत चला. फुगा हे झाकायचं उत्तम साधन आहे. चित्रात जे नको ते संवादाच्या फुग्याखाली घालता येतं, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी ते काम इतक्या हौसेने सुरू केलं की मालकांनाच नवल वाटलं. शेंबडावर फुगा, हुंगलेल्या पायावर फुगा. अंक छापून आल्यावर पेंटरने तो पाहिला. पुढच्या वेळी त्याने नेमक्या त्याच जागी काहीतरी ठेवलं जे झाकलं तर प्रचंडचं तोंडही झाकलं जाईल. असं आमचं दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. पान माझ्याकडे द्यायच्या आधी तो ते मला मुद्दाम धरून दाखवायचा. मी तोंड वाकडं करायचे. तो समाधानाने मान हलवून जागेवर जायचा. मला वाटायचं, हा मला छळतो.

एक गोष्ट मात्र त्याने मालकांकडून पहिल्याच दिवशी कबूल करून घेतली होती. ठिणग्या बोलणार नाही. मालकांनी विचारलं होतं की जगभरचे ड्रॅगन बोलतात, आपलाच का नको. पेंटर म्हणाला, "जनावर बोलत नसते जी. बोललं का ते माणूस झालं. मग त्याले आंघोळ कराव लागते, शाळेत जाव लागते, मग सगळंच कराव लागते." मालक हसले आणि हो म्हणाले. असा एकही फुगा नव्हता ज्याची शेपटी ठिणग्याच्या तोंडाकडे वळलेली असेल. हे ज्यांनी कॉमिक वाचलं नाही त्यांना सांगते: फुग्याला खाली एक टोकदार शेपटी असते, ती ज्याच्या तोंडाकडे वळते तो बोलतो.

आणि ती शेपटी मीच चुकवली.

उन्हाळ्याचा अंक होता. छापखान्याचा सारखा फोन येत होता. पान हाती आलं तर ठिणग्या प्रचंडच्या खांद्यावर बसून आपल्या काखेतली फुगलेली गोचीड काढून, उजेडात धरून पाहत होता. पुढच्या चौकटीत ती त्याच्या तोंडात होती. मला नुकतीच कावीळ होऊन गेलेली, तेलाचा वासही सोसत नव्हता. मी प्रचंडचा फुगा उचलला आणि गोचिडीवर दडपून बसवला. ती पूर्ण झाकली जावी म्हणून जरा खाली सरकवला, जरा उजवीकडे फिरवला. डोळे मिटूनच चिकटवला म्हणा ना. प्रचंडच्या तोंडाला लागायची शेपटी ठिणग्याच्या जबड्याला जाऊन टेकली. फुग्यात कारखान्यातून निघताना प्रचंडने म्हणायचं वाक्य होतं: "आता पुरे झालं, मी घरी चाललो."

अंक बाजारात गेला, आणि पाचव्या दिवसापासून टपालाचा पूर आला. ठिणग्या बोलला. वर्गात, बसमध्ये, घरी जेवायला बसल्यावर पोरं एकमेकांना तेच वाक्य म्हणून दाखवत होती. एका शाळेत शेवटच्या तासाला अख्खा वर्ग उठून म्हणाला होता की आता पुरे झालं, मी घरी चाललो. मालक तर आनंदाने खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. पेंटर अंकाची गुंडाळी हातात घेऊन जिना चढून आला. त्याने पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे कोण बोललं?"

मी सांगितलं की चूक झाली, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. त्याने अंकाची पुन्हा गुंडाळी केली. चूक होते, म्हणाला. मग म्हणाला, "पण पोराईच्या कानात आता आवाज गेला ना त्याचा. तो कसा काढाचा?" आणि खाली उतरून गेला. आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला तेव्हा त्याने त्या विषयाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

कारण दुरुस्ती छापलीच नाही. मालकांनी ठिणग्याला पुढच्या अंकात दोन वाक्यं दिली, त्याच्या पुढच्या अंकात सहा, आणि ती वाक्यं लिहायला मला सांगितली. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. दहा वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द माझ्या अक्षरात लिहीत आले होते, आता पहिल्यांदा माझे शब्द लिहीत होते. ठिणग्या बोलू लागला तो थेट आमच्या घरच्यासारखं. पाय पुसून ये, म्हणायचा. उष्टं खाऊ नको, म्हणायचा. शहाणा झाला. पेंटर तरीही त्याला तोंड मिटूनच काढत असे. मिटलेल्या तोंडाजवळ मी माझा फुगा चिकटवायचे आणि जमलं असं समजायचे.

मग ती साबणाची कंपनी आली. नागपूरची नव्हे, बाहेरची. शाळाशाळांत फुकट वाटायचे अंक त्यांना हवे होते, आणि त्यांत ठिणग्याने पोरांना हात धुवायला सांगायचं होतं. आमचं कॉमिक तेव्हा बंद पडण्याच्या बेतात होतं, म्हणून मालकांना ही कंपनी देवासारखी वाटली. पहिल्या पानावर ठिणग्या बादलीत बसून फेसात आंघोळ करतोय, तोंड उघडं, दात स्वच्छ, आणि तो म्हणतोय की चला, हात धुऊ या. चित्रकाराने नेहमीसारखा मोकळा गोल ठेवून पान पेंटरकडे दिलं. संध्याकाळी पान परत आलं. त्यात बादली होती, पाणी होतं, फेस होता, फेसाचा एकेक बुडबुडा सुरेख काढला होता. ठिणग्या नव्हता. मालकांनी विचारलं की ड्रॅगन कुठे आहे. पेंटर म्हणाला, "तो आला नाही."

मालकांनी तीनदा पान परत पाठवलं. तिन्ही वेळा बादली रिकामी आली. मग ते माझ्याकडे आले, तुमचं ऐकतो तो, म्हणाले. मी टपरीवर गेले. पेंटर बाकावर बसून खर्रा घोटत होता. मी त्याला समजावलं की हात न धुण्याने पोरांना काय काय होतं, जुलाब होतात, जंत होतात, कावीळ होते, मला झाली होती ती तुम्ही पाहिलीत. चांगलंच काम आहे, मग अडचण काय? माझा त्यावर विश्वास होता आणि आजही आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हात धुवा म्हणून तुमी सांगा ना, ताई," तो म्हणाला. "मीबी सांगतो. मास्तर सांगते, पोराईच्या माया सांगते. सारंच जग त्याईले सांगून राहिलं. एक तरी असा असू द्या ना जो काही सांगत नाही."

मी चिडले. मी म्हणाले, "पेंटर, तुम्ही घाणीत राहता म्हणून सगळ्या पोरांनी घाणीत लोळावं का?" टपरीवर चार माणसं होती. त्यांनी ऐकलं. पेंटरने पन्नीची घडी घातली, ती खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेला. कचेरीत त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्याच्या टेबलाखालचा डबा मी स्वतः नेऊन फेकला. हातमोजे घालून.

नवा ठिणग्या कॉम्प्युटरवर तयार होऊन आला. कंपनीनेच कुठून तरी करवून घेतला होता. गुलाबी पोट, गोल गोल डोळे, पापण्यांना केस, आणि दात असे पांढरेशुभ्र की त्यांनी कधी काही चावलं असेल असं वाटू नये. त्याला नख नव्हतं. नाकाला भोकं नव्हती, मग शेंबूड कुठून येणार? तोंड प्रत्येक चित्रात उघडं, कारण तो प्रत्येक चित्रात बोलत होता. मी पालीला पाहून ओकलेली बाई आहे, पण त्या गुलाबी प्राण्याला पाहून मला जी किळस आली तशी पालीची कधी आली नव्हती. पाल निदान मला पाहून पळते. हा माझ्याकडे पाहून हसत होता. आणि त्याच्या तोंडात घालायचे शब्द मीच लिहीत होते: नखं कापा, रुमाल ठेवा, दोन वेळा दात घासा. दीड वर्ष लिहीत होते. नोकरी होती, सवय होती, आणि ठिणग्याचे शब्द माझे आहेत हा माज होता.

शेपट्या यायच्या बंद झाल्या. मी सुटले, असं मला वाटायला हवं होतं. टपालाची पिशवी आता टेबलाच्या कोपऱ्यात मावत होती. काटोलच्या एका मुलीचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती. ठिणग्या आजारी आहे का, असं तिने विचारलं होतं. उत्तर म्हणून कार्डावर ठिणग्या काढून पाठवायची पद्धत होती, पण काढणारा नव्हता. मी ते कार्ड कितीतरी दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते.

पेंटर गेल्या उन्हाळ्यात गेला. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. गोदामाचा चौकीदार बोलता बोलता म्हणाला की तो रंगारी वारला ना, छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. बरं झालं की त्याआधी माझी त्याच्याशी भेट झाली होती. ती भेट घ्यायला मी गेले ते मोठा पराक्रम करून गेले होते, असं मला वाटत होतं.

पराक्रम असा. आता फुगे कापून चिकटवायचे दिवस संपले होते. चित्र कॉम्प्युटरवर असतं आणि फुगे त्याच्यावर वेगळे ठेवलेले असतात, हवे तर दाखवा, नको तर लपवा. छापखान्यात पाठवायच्या आधी शेवटचा हात माझा असे. शाळांसाठीचा नवा अंक सगळ्यांनी तपासून मंजूर केला होता. मी ठिणग्याचे सगळे फुगे लपवले आणि अंक पाठवून दिला. प्रचंड बोलत होता, शाळेतल्या बाई बोलत होत्या, ठिणग्या अथपासून इतीपर्यंत गप्प. अंक छापून शाळांत पोचल्यावर कंपनीच्या लक्षात आलं. त्यांनी आमच्याशी संबंध तोडला, मालकांनी मला घरी बसायला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात कॉमिकही बंद झालं. मला मालकांचं वाईट वाटलं. स्वतःचं मुळीच वाटलं नाही. मी एक प्रत घेतली आणि पेंटरच्या घरी गेले.

वाडीतच मागच्या अंगाला त्याची भाड्याची खोली होती. मी तिथे कधी गेले नव्हते. ट्रकांवर आता तयार स्टिकर चिकटवतात, त्यामुळे रंगाचं काम जवळजवळ संपलं होतं आणि पेंटर खाटेवर बसून होता. वाळला होता. त्याच्या बायकोने मला बसायला खुर्ची पुसून दिली, दोनदा पुसली. माझ्याबद्दल तिला काय सांगितलं गेलं होतं ते मला त्यावरून कळलं. मी टपरीवरच्या बोलण्याची माफी मागितली. तो म्हणाला की तुम्ही खोटं कुठे बोलल्या, घाण तर होतीच. मग मी अंक त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की पाहा, मी त्याला पुन्हा गप्प केलं.

त्याने पानं उलटली. एकेक चौकट सावकाश पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी एखाद्या शाळकरी पोरीसारखी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"हा गप नाही, ताई," तो म्हणाला. "हा बोलायची वाट पाहून राहिला."

खरंच होतं. प्रत्येक चित्रात ते गुलाबी तोंड उघडं होतं आणि त्या उघड्या तोंडापुढे मोकळी जागा होती. मी फक्त शब्द काढून घेतले होते. गप्प बसणारं जनावर काढायला पेंटरचा हात लागत होता, आणि तो हात मी चार माणसांदेखत टपरीवरून घालवून दिला होता. मला रडू आलं. बायकोसमोर, परक्या घरात, मी हमसून रडले. पेंटर गोंधळला. काहून रडता जी, म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, तो डब्बा आण वं, बारीक ब्रश आण.

तिने खाटेखालून रंगाचे डबे ओढले. त्याने शेवटच्या पानावरचं मोठं चित्र घेतलं. आधी त्या गोल डोळ्यांच्या पापण्या रंगाने बुजवून टाकल्या. नाकाला दोन भोकं पाडली. पोटाचा गुलाबी रंग मळवला. तोंडाशी आला तेव्हा मला वाटलं की आता मिटवेल, पण त्याने ते मिटवलं नाही. "त्याईनं उघडं टाकलंच आहे, तर कामाले लावू," म्हणाला. आणि त्या तोंडातून एक जाड, ओली, गुळगुळीत जीभ बाहेर काढली, ती गालावरून वर नेली आणि तिचं टोक उघड्या बुबुळावर टेकवलं. ठिणग्या स्वतःचा डोळा चाटत होता. जिभेची लाळ बुबुळावर पसरलेली त्याने पांढऱ्या रंगाच्या एका फटकाऱ्यात दाखवली.

"शी, हे काय?" मी म्हणाले.

"पालीले पापणी नसते ना जी. ती डोळा असाच धुते. जिभेनं." ब्रश पुसता पुसता तो म्हणाला, "जनावर आपलं आपण धुते, ताई. त्याले सांगाव लागत नाही."

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. ती जीभ, ती लाळ, तो उघडा डोळा. माझं तोंड आपोआप वाकडं झालं, दीड वर्षात झालं नव्हतं तसं, आणि मी घाईघाईने त्यावर पदर दाबला. पेंटर चित्राकडे पाहतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, पान धरून दाखवताना दहा वर्षं पाहत आला होता तसाच.

"हां," तो म्हणाला. "आता जमला."